तीन जुड्या आणि चार सुटे हीर

पत्र

आदरणीय बाई,

मी गेल्या वर्षीपासून सीआरपी आहे, म्हणजे शाळांच्या एका केंद्रातल्या शिक्षकांना मदत करणारी साधन व्यक्ती. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या नऊ सरकारी प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत, त्यातल्या पाच एकशिक्षकी. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः पहिली-दुसरीला शिकवत होते. पायाभूत स्तराचा, म्हणजे दुसरीपर्यंतचा, नवा अभ्यासक्रम वर्गात उतरवायला शिक्षकांना मदत करायची, हे माझं काम. प्रशिक्षणात सगळे माना डोलावतात, 'दीक्षा' या सरकारी पोर्टलवरचे कोर्स पुरे करतात, प्रमाणपत्रं काढतात. वर्गात मात्र पूर्वीचंच चाललेलं असतं. फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवायचं, पाढे म्हणायचे. मी दारात दिसले की बाई घाईघाईनं एखादा तक्ता काढून 'कृती' सुरू करतात. ती माझ्यासाठी असते, हे मुलांनाही कळतं.

एका बाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "तू काल आलीस. मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. असले अभ्यासक्रम मी चार पाहिले." त्या चुकीचं बोलल्या असं मला वाटत नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. पोर्शन कसा पुरा करायचा, चार इयत्ता एका खोलीत कशा सांभाळायच्या, घरी कोंकणी बोलणारी मुलं आणि त्यात दोन-तीन कन्नड, त्यांना मराठीतून कसं शिकवायचं, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि माझ्याकडे उत्तरं नाहीत. माझ्याकडे आहे तो भेटीचा तक्ता. त्यात हो-नाहीच्या खुणा करायच्या, शेरेबुकात चार ओळी लिहायच्या आणि पुढच्या शाळेत जायचं. मी नेमकं काय करू? आणि शेरेबुकात काय लिहू?

एक सीआरपी, सत्तरी

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत असं तुम्हाला वाटलं, ही या सगळ्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. तिथूनच सुरुवात करू.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं असेल, जरा मोजून बघा. 2005चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या फाइली आल्या, त्या. मग 2020चं राष्ट्रीय शिक्षण धोरण, 2021चं पायाभूत वाचन-गणिताचं निपुण भारत अभियान, 2022चा पायाभूत स्तराचा आराखडा. दर खेपेला नवे शब्द आले, नवे रकाने आले. पण "बाई, उद्याचा तास आपण दोघी मिळून घेऊया" असं म्हणत कोणी त्यांच्या वर्गात आलं का? माझ्या स्वतःच्या नोकरीत असं माणूस एकदाच आलं. त्या बाईंनी माझ्या वर्गात जे अर्ध्या तासात दाखवलं ते मला आजही आठवतं, आणि त्या काळातल्या प्रशिक्षणांतलं एकही व्याख्यान आठवत नाही. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी 1980च्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं. व्याख्यान ऐकून, प्रात्यक्षिक पाहून नवी पद्धत समजते, पण ती वर्गात टिकायला वर्गातच सोबत करणारं कोणी लागतं. तुमचं पद त्यासाठीच आहे. तक्ता ही त्या पदाची फार छोटी बाजू आहे.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे: नऊ शाळांत सगळा अभ्यासक्रम न्यायच्या मागे लागू नका. एका शाळेत, एका बाईंबरोबर, एक क्षमता, म्हणजे मुलांना जमायला हवी अशी एक गोष्ट, घ्या आणि ती मुलांच्या हातात पोचेपर्यंत तिथे थांबा. बाकीचं त्यातून पुढे सरकतं. कसं, ते मी एका प्रसंगातून सांगते, कारण नुसतं सांगितलं तर हेही एक व्याख्यानच होईल.

मी तेव्हा शिक्षकांना मदत करायच्या कामाला नवीनच लागले होते. पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. एका शाळेत बाईंनी फळ्यावर वजाबाकी मांडताना हातचा चुकवला, आणि मी मागच्या बाकावरून तो मोठ्यानं दुरुस्त केला. मुलं हसली. त्या बाई पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि माझ्यासमोर त्यांनी फळ्यावर गणित कधीच घेतलं नाही. त्या दिवसापासून मागच्या बाकावर बसायचं मी सोडलं. वर्गात गेले की मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसायला लागले. तिथून फळा वेगळा दिसतो. वही दिसते, पेन्सिल कुठे अडखळते ते दिसतं, आणि बाईंच्या मनातली भीतीही कमी होते.

दुसऱ्या वर्षी, अशाच पावसाच्या दिवसांत, चौदा मुलांच्या एका शाळेत गेले. पहिली ते चौथी एका खोलीत. कौलांवर पावसाचा एवढा आवाज की मुलं एक ते शंभर म्हणत होती ती ओरडूनच. एकही आकडा चुकला नाही. बाईंना अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. मी त्यांना हळूच विचारलं, "एक छोटासा खेळ घेऊ का? तुमची हरकत नसेल तर." त्या हो म्हणाल्या. दुसरीतल्या एका मुलीसमोर मी चौतीस चिंचोके ठेवले. तिनं एकेक सरकवत बरोबर मोजले. "चौतीस!" पाटीवर लिही म्हटलं, तर तिनं लिहिलं 43.

बाईंचा चेहरा उतरला. मला ती मुलगी फार हुशार वाटली. आपल्या भाषेत चौतीस म्हणताना आधी चार ऐकू येतो, मग तीस. तिनं ऐकलं तसं लिहिलं. शेजारच्या मुलाला एकोणतीस लिहायला सांगितलं, त्यानं लिहिलं 39. तीस ऐकला म्हणून 3, आणि शेवटी नऊ येतो हे त्याला पाठ होतं. दोघांच्या चुका मुलांच्या डोक्यातून, नीट विचार करून आलेल्या होत्या. अशी चूक दिसली की समजायचं, शिकवायला जागा सापडली.

कोपऱ्यात माडाच्या हिरांची, म्हणजे पातीच्या काड्यांची, नवी केरसुणी होती. बाईंनीच सुचवलं की तिचे हीर मोडू. मुलांनी हीर सारख्या लांबीचे तोडले, दहा-दहांच्या जुड्या करून त्यांना रबर लावले. मग त्या मुलीला विचारलं, "चौतीस हिरांत जुड्या किती?" तीन. "सुटे किती?" चार. पाटीवर दोन घरं आखली, डावीकडे जुड्या, उजवीकडे सुटे. तिनं 3 लिहिला, 4 लिहिला, आणि काही न सांगता आधीचा 43 स्वतःच पुसला. एकोणतीसला गंमत झाली. तीन जुड्यांतून एक हीर काढायचा होता, पण जुडीतून एकच कसा काढणार? मुलानं रबर सोडला, जुडी मोकळी झाली, एक हीर बाजूला ठेवला. दोन जुड्या आणि नऊ सुटे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हातच्याच्या वजाबाकीची पहिली पायरीही तिथेच पडली, कारण पुढच्या वर्षी 'दशक सोडवला' म्हणताना त्याला ती सुटलेली जुडी आठवणार होती.

(महाराष्ट्रात 2019 साली दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आणलं, त्यावर केवढा वाद झाला. तो वाद या 43पासूनच सुरू होतो. आपली संख्यानामं बदलावीत असं मला वाटत नाही. चौतीस, छत्तीस, एकोणतीस ही आपली मालमत्ता आहे. पण मूल कुठे घसरणार आहे हे शिकवणाऱ्याला आधीच माहीत असायला हवं, एवढं त्या वादातून नक्की घ्यावं.)

आता हा तास आणि नवा अभ्यासक्रम यांचा संबंध पाहा, कारण त्या बाईंना हा संबंध दाखवणं हेच तुमचं काम आहे. 2022च्या आराखड्यात आधी अभ्यासक्रमाची ध्येयं आहेत, प्रत्येक ध्येयाखाली क्षमता आहेत, आणि क्षमतेखाली अध्ययन निष्पत्ती. शिक्षक हे वरून खाली वाचू लागले की दमतात. ध्येयाची वाक्यं मोठी, क्षमतांची यादी लांब. तुम्ही त्यांना खालून वर वाचायला शिकवा. त्या दिवशी मुलीनं 43 पुसून 34 लिहिलं. आराखड्यात गणिताच्या क्षमतांमध्ये एक अशी आहे की मुलानं 99पर्यंतच्या राशी अंकांत मांडायच्या, आणि त्याही दशमान स्थानिक किमतीची समज ठेवून. हिरांच्या तीन जुड्या म्हणजे तीच क्षमता. मी ते बाईंना कागदावर दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच आहे होय? मला वाटलं, काहीतरी वेगळं करायचंय." हे वाक्य तुम्हाला नऊ शाळांतून नऊ वेळा ऐकायला मिळो.

त्याच आराखड्यात गणितासाठी चार भाग सांगितले आहेत: तोंडी गणिताच्या गप्पा, कौशल्य शिकवणं, त्याचा सराव, आणि गणिती खेळ. शिकवताना आधी शिक्षकानं करून दाखवायचं, मग मुलांबरोबर करायचं, मग मुलांनी आपलं आपण. वाचायला हे शास्त्र वाटतं. पण आपल्या आयांनी आपल्याला भाकरी थापायला असंच शिकवलं. आधी बघ, मग माझ्या हाताबरोबर हात लाव, मग तुझी तू थाप. जुन्या शिक्षकांना ही गोष्ट अशी सांगितली की त्या लगेच म्हणतात, हे तर आम्ही करतोच. करतात, पण अर्धंच. करून दाखवतात आणि एकदम गृहपाठाला सोडतात. मधली पायरी, मुलांबरोबर करण्याची, वेळेअभावी गळते. तुम्ही ती मधली पायरी व्हा. बाई फळ्यापाशी असताना तुम्ही चार मुलांजवळ बसा.

आणि हो, त्या शाळेत मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. मुद्दाम गेले नाही. आठवड्यानं गेले तेव्हा प्रत्येक मुलाच्या जुड्या नाव घातलेल्या कापडी पिशवीत होत्या, आणि चौथीतली मुलं धाकट्यांसाठी गणितं तयार करत होती. ती कल्पना माझी नव्हती, त्या बाईंची होती. अभ्यासक्रम तेव्हा त्यांचा झाला. तुम्हीही एक तास सोबत केलात की थोडे दिवस दूर राहा, म्हणजे त्यांना त्यात स्वतःचं काही घालायला जागा मिळते.

चार इयत्तांचा प्रश्न तुम्ही लिहिलात, त्याचं अर्धं उत्तर नव्या रचनेतच दडलं आहे आणि ते फार कमी शिक्षकांपर्यंत पोचलं आहे. पायाभूत स्तर तीन ते आठ वर्षं वयाचा, त्यात पहिली-दुसरी येतात. तिसरीपासून पूर्वतयारीचा स्तर सुरू होतो, तो पाचवीपर्यंत. म्हणजे तुमच्या एकशिक्षकी खोलीत गट दोनच. पहिली-दुसरीचा एक, तिसरी-चौथीचा एक. एकाच स्तरातली मुलं एकच क्षमता कमीअधिक उंचीवर करत असतात. हिरांच्या जुड्या पहिलीतलं मूल वीसपर्यंत करील, दुसरीतलं नव्व्याण्णवपर्यंत. सकाळची सुरुवात सगळ्यांची एकत्र, गोष्ट किंवा गप्पा. मग एक गट बाईंसमोर, दुसरा सरावाला. मग अदलाबदल. चार टाचणं लिहायची गरज पडत नाही. ही मोकळीक त्यांना स्पष्ट शब्दांत द्या. त्या भीतीपोटी चार टाचणं लिहितात आणि एकही वापरत नाहीत.

टाचणाबद्दल थोडं. आठवड्याला एका क्षमतेसाठी तीन ओळी पुरे होतात: मुलांना काय जमायला हवं, मुलं हातानं काय करतील, आणि शनिवारी कोणाला जमलं, कोणाला नाही. तिसरी ओळ नावांनी लिहायची. चौदा मुलांच्या शाळेत 'बहुतांश विद्यार्थी' असं कोणी लिहिलं की त्या चौदांतलं एखादं मूल हरवतं.

पोर्शनची भीती ही सगळ्यात जुनी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24मध्ये शिक्षकाची कर्तव्यं आहेत. त्यात अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पुरा करणं आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लगेच पुढचं कर्तव्य असं की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरज असेल तिथे जादा शिकवायचं. कायद्यानं दोन्ही एकत्र ठेवली आहेत. पुस्तक संपलं आणि मूल 43च लिहीत राहिलं, तर कलमाचं अर्धं कामच झालं. हे त्या बाईंना बजावून सांगू नका, त्यांच्याबरोबर बसून वाचा. पुस्तकातले कोणते धडे एकाच क्षमतेचे आहेत, ते दोघींनी पेन्सिलनं जोडा. वेळ त्यातूनच निघतो.

आता भाषा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गोव्यात आपण या एका ठिकाणी मुलांवर नकळत फार अन्याय केला. पहिलीतलं मूल चित्र बघून "सुणें" म्हणतं. आपण म्हणतो, "सुणें नाही, कुत्रा म्हण." मूल धा म्हणतं, आपण दहा करून घेतो. ते गप्प होतं, आणि जूनमध्ये गप्प झालेलं मूल दिवाळीपर्यंत बोलत नाही. मग आपणच लिहितो, 'मौखिक अभिव्यक्ती कमी'. माझं बालपण मराठी शाळेत गेलं, मराठीवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच सांगते की मराठी मुलाच्या जिभेवर चढते ती त्याच्या कोंकणीच्या खांद्यावर बसून. 2020च्या धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकवण्यात असावी असं म्हटलं आहे, आणि पायाभूत स्तराच्या आराखड्यात भाषेच्या चार भागांत पहिला मान तोंडी भाषेला आहे, त्यानंतर अक्षरं-शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन. म्हणजे वर्गात मुलाचं 'सुणें' स्वीकारणं ही अभ्यासक्रमाचीच मागणी आहे. "हो, सुणें. मराठीत त्यालाच कुत्रा म्हणतात." दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी. कन्नड बोलणाऱ्या मुलाला विचारा, तुझ्या घरी काय म्हणतात? तो 'नायी' म्हणेल. तिसरा शब्द फळ्यावर. त्या दिवशी ते मूल घरी जाऊन काय सांगेल, याचा विचार करा.

पुष्कळ शिक्षकांना वाटतं की वर्गात कोंकणी वापरली तर अधिकारी रागावतील. त्यांना धीर देणारं पहिलं माणूस तुम्ही व्हा. तुम्ही वर्गात गेलात की स्वतःच मुलांशी कोंकणीत चार वाक्यं बोला. बाई ऐकतील, आणि त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली आहे. गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या माटोळीला काय काय बांधायचं, यावर एक अख्खा तास घ्या. कवंडळ, कांगलां, आंबाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीचा घड, कोणाच्या घरी काय येतं, ते कुठून आणतात, रानातून की कुळागरातून (सुपारी-नारळाच्या बागेतून) की बाजारातून. सत्तरीतल्या मुलांना यातली नावं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. आधी गप्पा, मग फळ्यावर नावं, मग मुलांनी चित्रं काढून त्याखाली नाव लिहायचं, तिसरी-चौथीनं 'आमची माटोळी' म्हणून पाच वाक्यं. भाषेचे चारही भाग एका तासात आले. वर्गीकरणही आलं: खायचं कोणतं, नुसतं शोभेचं कोणतं, वेलीवरचं, झाडावरचं. या तासाला पुस्तक उघडावंच लागत नाही. आणि ज्या बाई म्हणाल्या की त्यांनी चार अभ्यासक्रम पाहिले, त्यांना हा तास घ्यायला सांगा, तुम्ही फक्त बसा. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मुलांच्या घरची किती माहिती गोळा केली आहे, ते तेव्हा कळेल.

त्या बाईंकडे पहिल्यांदा जाल तेव्हा काही सुचवायला जाऊ नका. "तुमची मुलं वाचायला कशी लागतात, मला बघायचंय," एवढंच म्हणा, आणि ते खरोखर मनापासून म्हणा. त्यांच्याकडे काहीतरी असतंच. माझ्या ओळखीच्या एका बाई मुलांना शब्दांऐवजी शेजारच्यांची नावं वाचायला द्यायच्या. गावातली नावं, दुकानाची पाटी, बसवरचं गावाचं नाव 'वाळपई'. मुलं आठवड्यात अक्षरं धरायची. हे त्यांनी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. असं काही सापडलं तर केंद्राच्या बैठकीत ते त्यांनाच मांडायला लावा.

बैठकीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. जपानमध्ये शिक्षक 'पाठ-अभ्यास' करतात, ही तिथली जुनी रीत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एक तास आखतात, एक जण तो मुलांसमोर घेतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात, शिकवणाऱ्याकडे नाही. मग चर्चा होते ती मुलांनी काय केलं याची. तुमच्या नऊ शाळांच्या बैठकीत हे एकदा करून बघा. भाषणं कमी, मुलांच्या वह्या जास्त. प्रत्येक शिक्षकानं एका मुलाची वही आणायची, चुकलेलं पान उघडून. त्या पानावर सगळ्यांनी मिळून विचार करायचा की मुलानं असं का लिहिलं असेल. धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. माझ्या मते त्या तासांत अशा बैठका असायलाच हव्यात.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध राहा. निपुणची उद्दिष्टं चांगली आहेत. पहिलीअखेर 99पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीअखेर 999, तिसरीअखेर 9999. दुसरीतल्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थासह वाचावेत. पण या शेवटच्या आकड्यानं काही वर्गांत घड्याळ आलं. मूल धापा टाकत शब्द पार करतं आणि गोष्टीतला कोल्हा कुठे गेला ते विचारलं तर गप्प. घड्याळ वर्षातून एक-दोनदा पुरे. रोज विचारायचा प्रश्न एकच, "मग काय झालं?"

पालक लिखाण मागतात, कारण वहीत लाल शाई दिसली की शिकवलं असं त्यांना वाटतं. पालक शिक्षक संघाच्या बैठकीत मुलांनाच हिरांच्या जुड्या करून दाखवायला लावा. आई समोर बसलेली असताना मुलानं तीन जुड्यांतून एक हीर काढून दाखवला की तिला वेगळं सांगावं लागत नाही. बाईंना बोलायला लावू नका.

तुमच्या तक्त्याचं काय? तो भरायचाच, नोकरी आहे. पण वर्गात भरू नका. गाडीच्या डिकीत ठेवा, संध्याकाळी घरी भरा, आणि खरा भरा. 'नाही' असेल तिथे नाही. नऊ शाळांच्या तक्त्यांत सगळीकडे 'हो' गेलं तर वर बसलेल्यांना मदत कुठे पाठवायची हे कळणार कसं? तुमच्या खुणेमागे एका मुलाचं वर्ष असतं.

नऊही शाळांत हे एकदम जमणार नाही. चवथीच्या सणापर्यंत एकच शाळा, शक्यतो एकशिक्षकी, आठवड्याला एक सकाळ. दिवाळीपर्यंत दुसरी. बाकीच्या सात शाळांत नेहमीसारख्या भेटी चालू द्या, पण तिथेही खाली बसून एका मुलाची वही पाहिल्याशिवाय निघू नका. मध्यान्हाची पाव-भाजी येते तेव्हा मुलांबरोबर थांबलात तर आणखी बरं. त्या वेळी मुलं जे बोलतात ते कोणत्याही चाचणीत येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलं, शेरेबुकात काय लिहू. मी तेव्हा काय लिहायचे, त्याचा एक नमुना देते. नावं काढून टाकली आहेत.

"आज सकाळी नऊ ते साडेअकरा वर्गात होते. बाईंनी आणि मी मिळून दशक-एकक हिरांच्या जुड्यांनी घेतलं. दुसरीतल्या पाचपैकी तिघांना 99पर्यंत मांडता आणि लिहिता आलं. दोघं अजून अंक उलटे लिहितात, त्यांच्यासाठी बाई पुढचे चार दिवस रोज दहा मिनिटं जुड्या घेणार आहेत. केरसुणीचे हीर मोडायची कल्पना बाईंची, ती मी इतर शाळांत त्यांच्या नावानं सांगणार आहे. शाळेला दुसरी केरसुणी हवी. पुढच्या सोमवारी येते, तेव्हा त्या दोघांच्या पाट्या आधी बघेन."